आडवळणाच्या सुरुवातींना वर्गाबाहेर ठेवू नका

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील बुद्धिबळाचे सदर आमच्या घरी आणि दांडिया बाजारातील आमच्या मित्रमंडळींत नेमाने वाचले जाते, कापून ठेवले जाते आणि त्यातील डाव संध्याकाळी पटावर मांडूनही पाहिले जातात. अलीकडे या सदरातून शालेय खेळाडूंना असा सल्ला देण्यात आला की, त्यांनी डावाच्या सुरुवातीला रूढ आणि मान्य मार्गच धरावेत आणि पुस्तकांत क्वचित आढळणाऱ्या, विचित्र वाटणाऱ्या सुरुवातींच्या नादी लागू नये. हा सल्ला सद्भावनेने दिलेला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु बडोद्यातील मी पाहिलेल्या शिकवणी वर्गांत आज तो सल्ला राहिलेला नसून त्याचा नियम झाला आहे आणि तो नियम मुलांच्या खेळाचे नुकसान करीत आहे, असे माझे स्पष्ट मत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

वर्गात होते ते असे. मुलाला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळण्यासाठी एक आणि काळ्या मोहऱ्यांसाठी दोन सुरुवाती नेमून दिल्या जातात, त्यांच्या पंधरा-पंधरा खेळ्या वहीत उतरवून पाठ करवून घेतल्या जातात, आणि एखाद्या मुलाने पहिल्याच खेळीला घोड्यापुढचे किंवा उंटापुढचे प्यादे सरकवले की ‘हे खूळ कुठून आणलेस?’ असे विचारून मोहरी पुन्हा मूळ घरांवर लावली जातात. ती खेळी का वाईट आहे, तिला उत्तर काय, किंवा ती खेळणाऱ्याने पुढे कोणता बेत ठेवायला हवा, याची चर्चा होतच नाही. या सुरुवातींत काही खरोखर टाकाऊ आहेत आणि काहींच्या मागे खोल विचार आहे. पण आमच्याकडे सगळाच कारभार सब घोडे बारा टक्के या हिशेबाने चालतो.

निदान आपल्या देशात तरी अशा खेळ्यांकडे इतक्या संशयाने पाहण्याचे कारण नव्हते. आपल्याकडील जुन्या देशी पद्धतीच्या खेळात प्याद्याला पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाता येत असे आणि आजच्यासारखा किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला सुरक्षित जागी नेणे) ही नव्हता. त्यामुळे दोन प्यादी दोन-दोन घरे पुढे टाकून पटाचा मध्य ताब्यात घेण्याची युरोपीय रीत येथे मुळात शक्यच नव्हती. खेळाडू आपली मोहरी मागच्या रांगांत सावकाश रचीत, उंटाला घोड्यापुढच्या प्याद्यामागे बसवून लांबच्या कर्णावर नजर ठेवीत आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की मगच हात उचलीत. या घडणीतून आलेल्या महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली खेळाडूची गाठ १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरशी पडली. कॉक्रन हा त्या काळच्या ब्रिटनमधील नामांकित खेळाडूंपैकी एक होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत दोघांत शेकडो डाव झाले आणि त्यांतील बरेच लिहून ठेवले गेल्याने आपल्याला आज ते पाहता येतात. १८५५ सालच्या एका डावात कॉक्रनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकल्यावर महेशचंद्रांनी आधी राजाच्या बाजूचा घोडा एफ६ (घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचे आणि आकडा आडव्या रांगेचा; नुसते घर लिहिले की तिथे प्यादे आले) वर काढला, नंतर घोड्यापुढचे प्यादे जी६ वर सरकवले आणि तिसऱ्या खेळीला डी५ खेळून पांढऱ्याच्या मध्यावर घाव घातला. नेमका हाच क्रम १९२२ मध्ये अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या व्हिएन्नाच्या खेळाडूने मोठ्या स्पर्धांत आणला आणि त्याच्या नावाने तो बचाव आज जगभर, बडोद्यातील या वर्गांतसुद्धा, मान्यताप्राप्त म्हणून शिकवला जातो. मधली सदुसष्ट वर्षे त्या कल्पनेला कोणी विचारले नाही, एवढाच काय तो फरक.

मीर सुलतान खान यांचे उदाहरणही याच जातीचे आहे. देशी नियमांवर वाढलेला हा पंजाबी खेळाडू युरोपीय सुरुवातींचे पुस्तकी ज्ञान जवळजवळ नसतानाच इंग्लंडला गेला, १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकला आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ मध्ये. सुरुवात पाठ नसणे म्हणजे खेळ येत नसणे नव्हे, हे त्याच्या डावांतून जितके ठसठशीतपणे दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत युरोपातील खेळाडूही याच दिशेने विचार करू लागले. १९२१ मध्ये बुडापेस्टच्या स्पर्धेत, पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनने राजापुढच्या प्याद्याला उत्तर म्हणून पहिल्याच खेळीला घोडा एफ६ वर काढला. तो घोडा पांढरा आपल्या प्याद्यांनी हाकलणार हे उघड दिसत असल्याने तेव्हाच्या जाणकारांना ही खेळी बेजबाबदार वाटली असल्यास नवल नाही. पण हाकलता हाकलता पांढऱ्याची प्यादी इतकी पुढे जातात की नंतर ती सांभाळणे हेच त्याचे मुख्य काम होऊन बसते, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९७२ च्या रेक्याविक येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यात तेराव्या डावात बॉबी फिशरने हाच बचाव खेळून स्पास्कीला हरवले. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत तर दोन वेगळ्या सुरुवाती शेजारी-शेजारी पाहायला मिळाल्या. रेतीने पहिल्या खेळीला घोडा एफ३ वर काढून, सुरुवातीला मध्यात प्यादे टाकण्याची घाई न करता, आठ वर्षे अजिंक्य राहिलेल्या कापाब्लांकाला नमवले. त्याच स्पर्धेत तार्ताकोव्हरने ब्रॉंक्सच्या प्राणिसंग्रहालयातील सुझन नावाच्या ओरांगउटानला भेटून आल्यावर मारोत्सीविरुद्ध बी४ ही पहिली खेळी केली आणि तो डाव हरला. रेतीची सुरुवात आज प्रतिष्ठित आहे, बी४ ला अजूनही ओरांगउटान याच नावाने ओळखतात. तरीसुद्धा सोकोल्स्की या सोव्हिएत खेळाडूने पुढे याच बी४ चा आयुष्यभर अभ्यास करून त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, ही गोष्ट मला तार्ताकोव्हरच्या पराभवापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

आता आमच्या गल्लीतील एक डाव सांगतो. सार्वजनिक गणेशोत्सवात भरणाऱ्या मुलांच्या स्पर्धेत शेजारच्या एका मुलीने काळ्या मोहऱ्यांनी अलेखाइनचा बचाव खेळला. समोरचा मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि सिसिलियन या रूढ बचावाची चांगली तयारी करून आलेला होता. त्याने तिच्या घोड्याला ई५ आणि सी४ ने हाकलले, मग डी४ आणि एफ४ ही प्यादीही पुढे टाकली, आणि पाचव्या खेळीला पटाच्या मध्यावर त्याची चार प्यादी ओळीने उभी राहिली. पाहणाऱ्या पालकांनी मान डोलावली. तिने मात्र शांतपणे ई५ वर एक प्यादे बदलले, घोडा सी६ वर आणला, उंट जी४ वर नेऊन डी४ राखणाऱ्या घोड्याला जखडले, आणि तिथून पुढे त्या मुलाचा सारा वेळ डी४ चे प्यादे सांभाळण्यात गेला. किल्लेकोट करायची सवड त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. डाव संपल्यावर मी तिला विचारले की चार प्यादी समोर पाहून भीती नाही का वाटली. ती म्हणाली, ‘काका, जितकी पुढे येतील तितकी मागे कोणी उरत नाही ना!’ एवढी समज तिला त्या बचावाने दिली होती. पुढच्याच आठवड्यात तिच्या वर्गात तिला हा बचाव सोडून नेमून दिलेली सुरुवात धरायला सांगण्यात आले.

याच्या अगदी उलट चित्रही मी त्याच स्पर्धेत पाहिले आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून मुलांपर्यंत आज जी सुरुवात सर्वाधिक पोहोचते ती एंग्लुंड गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे पुढच्या फायद्यासाठी सुरुवातीलाच प्यादे देऊ करणे). पांढऱ्याने डी४ खेळले की काळा ई५ खेळून प्यादे देऊन टाकतो. पांढरा ते घेतो, काळा घोडा सी६ वर काढतो, पांढरा घोडा एफ३ वर काढून आपले प्यादे राखतो, काळा वजीर ई७ वर आणतो आणि पांढरा ते जादा प्यादे धरून ठेवण्यासाठी उंट एफ४ वर नेतो. आता काळा वजीर बी४ वर नेऊन शह देतो, पांढरा उंट डी२ वर मागे घेतो आणि वजीर बी२ चे प्यादे खातो. इथे पांढऱ्याला मोह होतो तो उंट सी३ वर ठेवून वजिराला मारण्याची धमकी देण्याचा. तसे केले की काळा उंट बी४ वर येतो, पांढरा वजीर डी२ वर सरकवून आधार देतो, सी३ वर मारामारी होते आणि काळ्याचा वजीर सी१ वर जाऊन मात करतो. एवढे सगळे आठ खेळ्यांत. चित्रफीत इथे संपते. पण पांढऱ्याने उंटाऐवजी घोडा सी३ वर ठेवला तर काळ्याच्या हाती काहीच राहत नाही. त्याचा वजीर एकटाच शत्रूच्या गोटात अडकलेला असतो आणि बाकीची फौज घरीच असते. त्या स्पर्धेत एका मुलाला दुसऱ्या फेरीत हेच उत्तर मिळाले. चित्रफितीत न दाखवलेली ती एक खेळी पाहून तो मुलगा घड्याळाकडे आणि पटाकडे आळीपाळीने बघत बसला होता, कारण मात सोडून दुसरा कोणताही बेत त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

हे दोन्ही डाव पाहिले की फरक कुठे आहे ते उघड होते. समोरच्याने चुकावे यावरच जिचा सारा भरवसा आहे अशी सुरुवात आणि समोरचा अचूक खेळला तरी जिच्यात खेळण्याजोगा बेत उरतो अशी सुरुवात, यांना एका पंगतीत बसवता येत नाही. शिक्षकाने मुलाला विचारायचा प्रश्न एवढाच आहे की, प्रतिस्पर्ध्याने सर्वांत चांगले उत्तर दिले तर तू पुढे काय करणार? मुलाकडे उत्तर असेल तर त्याला ते खेळू द्यावे, नसेल तर त्याच्यासोबत बसून शोधावे.

‘मोठे खेळाडू असले काही खेळत नाहीत’ हा युक्तिवाद वर्गांत हमखास ऐकू येतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. जानेवारी १९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे युरोपीय सांघिक स्पर्धेत इंग्लंडच्या टोनी माइल्सने तेव्हाचा जगज्जेता कार्पोव्ह याच्या राजापुढच्या प्याद्याला ए६ असे उत्तर दिले, लगेच बी५ खेळला आणि डाव जिंकला. आपल्या विश्वनाथन आनंदविरुद्ध १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १०७ व्या मजल्यावर झालेल्या सामन्यात कास्पारोव्हने चौदाव्या डावात स्कँडिनेव्हियन बचाव काढला, जो जगज्जेतेपदाच्या पातळीवर कोणी अपेक्षिला नव्हता, आणि तो डाव आनंद हरला. अर्थात माइल्स आणि कास्पारोव्ह कोणत्याही सुरुवातीने जिंकू शकले असते असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण मग सुरुवात हीच डावाचा निकाल ठरवते, हा वर्गांचा मूळ दावाही त्याच क्षणी सैल पडतो.

या संदर्भात मला सर्वांत शिकवण्याजोगा वाटतो तो १९७० सालचा बेलग्रेडचा डाव. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यात पहिल्या पटावर डेन्मार्कच्या बेंट लार्सनने तेव्हाचा जगज्जेता स्पास्की याच्याविरुद्ध बी३ ही आपली आवडती पहिली खेळी केली. स्पास्कीने भराभर आपली मोहरी बाहेर काढली, वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला आणि राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे थेट पांढऱ्याच्या दारापर्यंत धाडले. घोडा बळी देऊन त्याने जी-पट्टीवर एक प्यादे तिसऱ्या रांगेपर्यंत आणले आणि चौदाव्या खेळीला हत्ती एच१ वर, पांढऱ्याच्या अगदी पहिल्या रांगेत, नेऊन ठेवला. तो हत्ती मारल्यावाचून पांढऱ्याला गत्यंतर नव्हते आणि मारल्यावर ते प्यादे जी२ वर सरकले. सतराव्या खेळीला डाव संपला तेव्हा पांढऱ्याचा बी१ वरचा घोडा एकदाही हललेला नव्हता. वर्गांत हा डाव ‘बी३ खेळल्यावर काय होते’ म्हणून दाखवला जातो. मी स्वतः तो मुलांना ‘मोहरी घरी ठेवून प्यादी पुढे टाकल्यावर काय होते’ म्हणून दाखवतो, कारण दोष पहिल्या खेळीत नसून नंतरच्या दिरंगाईत आहे. त्याच सामन्यात पुढच्याच डावात लार्सनने काळ्या मोहऱ्यांनी स्पास्कीला हरवले, आणि त्याच वर्षी ब्वेनोस आयरेसला फिशरने बी३ हीच पहिली खेळी करून टुकमाकोव्हविरुद्ध सुरेख विजय मिळवला, हे मात्र मुलांना सहसा सांगितले जात नाही.

पालकांची अडचण मी समजू शकतो. शुल्क भरलेले असते, स्पर्धांसाठी अहमदाबाद-सुरतेच्या फेऱ्या होतात आणि मानांकनाचे आकडे वाढलेले दिसावेत अशी अपेक्षा असते. वर्ग चालवणाऱ्यांवरही तोच दाब असतो. पण फिडेने मार्च २०२४ पासून मानांकनाची किमान पातळी १४०० केली आहे आणि आपली बहुतेक मुले त्याच पातळीच्या आसपास किंवा अजून तिच्या बाहेर आहेत. या पातळीवर डाव हरले जातात ते फुकट दिलेल्या घोड्यापायी, दोन खेळ्यांत होणारी मात न दिसल्यापायी आणि प्याद्यांचा शेवट खेळता न आल्यामुळे. सिसिलियनमधल्या नायडॉर्फ या प्रकाराच्या अठरा खेळ्या पाठ केलेल्या मुलासमोरचा प्रतिस्पर्धी पाचव्या खेळीलाच वहीबाहेर जातो, आणि मग ज्याला वहीबाहेर विचार करायची सवय आहे तोच टिकतो. ही सवय लावण्यासाठी अपरिचित सुरुवातींसारखे साधन नाही, कारण तिथे मुलाला पहिल्या खेळीपासून स्वतःच्या डोक्याने चालावे लागते.

संगणकाच्या निकालाबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. इंजिन बी३ ला किंवा एफ४ ला पांढऱ्याचा पराभव म्हणत नाही. पांढऱ्याला असलेला पहिल्या खेळीचा फायदा निसटतो, फार तर पारडे किंचित काळ्याकडे झुकते, एवढेच ते सांगते. तेवढ्या फरकाने डाव जिंकणे आपल्या गावात कोणालाही शक्य नाही, आणि हे मी मोठ्यांच्या स्पर्धा धरून म्हणतो. जी४ ची गोष्ट वेगळी आहे. त्या खेळीने राजाची बाजू खरोखर उघडी पडते आणि इंजिन तिला पहिल्या खेळ्यांत अगदी तळाला टाकते. तरी जी४ चा पुरस्कर्ता हेन्री ग्रोब याच्याविषयी मला विशेष आदर आहे आणि त्याचे कारण आपल्यासारख्या संपादकांना जवळचे वाटेल. ग्रोब हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय विजेता होता आणि झुरिकच्या नॉये झ्युर्खर त्साइटुंग या दैनिकात बुद्धिबळाचे सदर चालवीत असे. त्या दैनिकाच्या वाचकांशी त्याने पत्राने हजारो डाव खेळले. जी४ खेळून, डी५ या उत्तरावर उंट जी२ वर बसवून, प्रतिस्पर्ध्याने जी४ चे प्यादे खाल्ले की सी४ ने मध्य खिळखिळा करायचा आणि वजीर बी३ वर आणून बी७ व डी५ दोन्हींवर नजर रोखायची, हा त्याचा आवडता बेत त्या वाचकांनी आपापल्या घरी पटावर पारखून पाहिला. एका दैनिकाने आपल्या वाचकांना बुद्धिबळाच्या इतक्या मोठ्या चर्चेत सामील करून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून माझी आपणास विनंती अशी आहे की, आपल्या सदरातून वाचकांशी असा एक डाव सुरू करावा. सदरलेखकांनी पांढरी मोहरी घेऊन नेहमीपेक्षा वेगळी पहिली खेळी करावी, वाचकांनी आठवड्याभरात आपले उत्तर कारणासह कळवावे, ज्या उत्तराला अधिक वाचकांची पसंती असेल ते पुढच्या रविवारी छापावे आणि मुलांनी पाठवलेल्या कारणांपैकी एक-दोन आवर्जून प्रसिद्ध करावीत. पहिली खेळी बी३ असावी असे मी सुचवतो. तिच्यात सापळा नाही, काळ्याला तीन-चार निरनिराळ्या तऱ्हांनी मोहरी मांडता येतात आणि उंट बी२ वरून कर्णावर काय करतो हे मुलांना आठवड्यागणिक दिसत राहील.

दुसरी विनंती शहरातील गणेशोत्सव मंडळांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना आहे. १९०३ मध्ये व्हिएन्नात एक मोठी स्पर्धा अशी झाली होती की, तिच्यात प्रत्येक डाव राजाच्या गॅम्बिटनेच सुरू करण्याचे आणि देऊ केलेले प्यादे स्वीकारण्याचे बंधन होते. ती चिगोरिनने जिंकली. तशी ठरावीक सुरुवातीची एक छोटी स्पर्धा, मानांकनाविना, एका रविवारी भरवणे आपल्याला अवघड नाही. एका फेरीत सर्व पटांवर अलेखाइनचा बचाव, दुसरीत बर्डची एफ४ ही सुरुवात, तिसरीत ओवेनचा बी६ हा बचाव, असे ठरवून द्यावे आणि प्रत्येक जोडीने एकदा पांढऱ्या व एकदा काळ्या मोहऱ्यांनी तोच डाव खेळावा, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. मानांकन पणाला नसल्याने वर्ग चालवणाऱ्यांनाही आपले विद्यार्थी पाठवण्यास हरकत वाटू नये.

आपण वाचकांचा डाव सुरू केल्यास आलेल्या पत्रांची छाननी करणे, खेळ्या नियमात बसतात की नाही हे तपासणे आणि मते मोजणे ही कामे दांडिया बाजारातील आम्ही काही मंडळी आनंदाने व विनामूल्य करू. आपल्या कार्यालयाने पत्रे आठवड्यातून एकदा आमच्याकडे सुपूर्द केली तरी पुरेसे आहे.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे